किल्ली कशासाठी अडून बसते

गाडी उभी केली, इंजिन बंद झालं आणि किल्ली काही निघत नाही. अशा वेळी माणूस आधी ओढतो. मग जोरात ओढतो. मग शेजारी बसलेल्याला ओढायला लावतो, आणि तरीही जमलं नाही की पक्कड शोधू लागतो. या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत असते: आत काहीतरी किल्लीला धरून बसलं आहे आणि त्याच्या हातून ती सोडवायची आहे. प्रत्यक्षात इग्निशनच्या लॉकमध्ये किल्ली धरणारा चिमटा किंवा आकडा सहसा नसतोच. किल्लीला अडवून ठेवतात ते तिचे स्वतःचे दाते.

हे कसं घडतं ते समजायला लॉकच्या आत डोकवावं लागेल. आपण किल्ली घालतो तो भाग म्हणजे एक गोल दांडा. गॅरेजमध्ये त्याला बॅरल म्हणतात. हे बॅरल एका जाड धातूच्या कवचात बसलेलं असतं. बॅरलला आडव्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत एक पातळ पितळी पातं, त्याच्या मागे केसाएवढी बारीक स्प्रिंग. पात्याच्या मधोमध चौकोनी खिडकी असते, आणि गजऱ्यात दोरा ओवावा तशी किल्ली या सगळ्या खिडक्यांमधून आरपार जाते. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगा पात्यांना बाहेर ढकलतात. पात्यांची टोकं कवचातल्या खाचेत जाऊन बसतात आणि बॅरल फिरू शकत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांची उंचसखल रांग प्रत्येक पात्याला नेमकं तेवढं मागे घेते, की ते बॅरलच्या अंगाशी सपाट व्हावं. एका पात्याची उंची आणि दुसऱ्याची यात साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांचा फरक असतो. एवढ्याशा फरकावर तुमची गाडी तुमची असते.

आता बॅरल फिरवा. पात्यांची टोकं खाचेपासून सरकली आणि कवचाच्या गुळगुळीत भिंतीसमोर आली. या स्थितीत किल्ली ओढली तर काय होईल? किल्ली बाहेर येण्यासाठी प्रत्येक दाता प्रत्येक पात्याच्या खिडकीतून जायला हवा, म्हणजे पाती वर-खाली व्हायला हवीत. पण वर जायला जागाच नाही, समोर भिंत आहे. पाती हलत नाहीत, म्हणून दाते सुटत नाहीत, म्हणून किल्ली येत नाही. पात्यांना हलायला मोकळीक देणारी खाच कवचात एकाच जागी ठेवलेली असते, ती म्हणजे ‘लॉक’ या खुणेपाशी. तिथे बॅरल पूर्ण परतलं की किल्ली बोटाच्या चिमटीत निघते. किंचित अलीकडे राहिलं तर पहिलवान आणला तरी निघत नाही, आणि निघाली तर अर्धीच निघते.

म्हणून किल्ली अडकली की ती कशी ओढायची हा प्रश्नच चुकीचा. बॅरल शेवटच्या खुणेपर्यंत का परतत नाही, हे शोधायचं. याची उत्तरं मोजकी आहेत, आणि त्यांतली बरीचशी बिघाडाची नाहीत. लॉक कशाची तरी वाट पाहत असतं.

आपल्याकडच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत सर्वांत साधं उत्तर म्हणजे किल्ली आत दाबायची राहून गेली. मारुतीच्या कितीतरी गाड्यांत ‘अ‍ॅक्सेसरी’पासून ‘लॉक’कडे जाताना किल्ली आधी आत दाबावी लागते, दाबलेली ठेवूनच मागे फिरवावी लागते आणि मग ती सुटते. इतर काही कंपन्यांच्या गाड्यांत बॅरलशेजारी एक छोटं बटण किंवा खटका असतो. ज्याची रोजची गाडी तशीच आहे त्याच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं, की विचारलं तर त्याला सांगता येत नाही. त्यामुळे मित्राची गाडी घेऊन गेलेला माणूस लग्नाच्या हॉलबाहेर किल्लीशी झटत बसतो आणि मालक फोनवर सांगतो, ‘अरे, काही नाही, नुसती बंद कर आणि काढ.’

हा जादाचा दाब कशासाठी? त्यासाठी किल्लीचा थोडा इतिहास पाहावा लागेल. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि पुढे उभं राहून हँडल मारण्याची पाळी टळली. तरी पुढची बरीच वर्षं सेल्फ मारायला वेगळं बटण किंवा पायाशी पेडल असे. किल्लीचं काम फक्त वीज चालू-बंद करण्याचं होतं. किल्ली फिरवूनच गाडी सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांत दिली. या सगळ्या काळात किल्लीचा स्टेअरिंगशी काही संबंध नव्हता. डॅशबोर्डमागच्या दोन वायरी जोडता आल्या की चोर गाडी घेऊन जाई. साठच्या दशकात अमेरिकेत गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या. त्यांतल्या बऱ्याच उनाड पोरांनी मजेखातर केलेल्या असत आणि चोरलेली गाडी कुठेतरी आपटूनच थांबे. जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलांत इग्निशन डॅशबोर्डवरून उचलून स्टेअरिंगच्या दांड्यावर आणलं, आणि किल्ली काढली की स्टेअरिंग जखडेल अशी रचना केली. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेच्या सुरक्षा मानक क्रमांक ११४ ने किल्ली काढल्यावर इंजिन सुरू होऊ नये आणि गाडी वळवता किंवा पुढे नेता येऊ नये, ही अट सगळ्यांनाच घातली. किल्ली आत विसरून दार उघडलं की वाजणारा तो कटकट्या बझरही याच नियमातला.

स्टेअरिंग जखडणारी वस्तू म्हणजे एक पोलादी खुंटी. किल्ली निघाली की स्प्रिंगच्या जोराने ती स्टेअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत घुसते. चोरासाठी हे उत्तम, पण चालत्या गाडीत असं घडलं तर? ताशी साठच्या वेगाला किल्ली ‘लॉक’वर गेली आणि कुणी ती उपसली तर पुढच्या वळणाला गाडी सरळच जाईल. म्हणून मॅन्युअल गाडीत ‘लॉक’च्या आधी मुद्दाम एक अडसर ठेवला. चालवणाऱ्याला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात, दाबणं आणि फिरवणं. गुडघा लागून किंवा पोराच्या हाताने एक हालचाल होऊ शकते, दोन होत नाहीत.

आपल्याकडे या अडसराला एक खास कारण आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खंबाटकी घाट असो की कुंभार्ली, उतार लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक अजूनही दिसतात. पेट्रोल वाचतं असा त्यांचा हिशोब. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो हिशोबही खरा नाही, कारण गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन उतारावर इंधन घेणंच थांबवतं. उलट इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि किल्ली ‘लॉक’च्या एक पायरी अलीकडे लोंबत असते. त्या एका पायरीवर काय अवलंबून आहे, हे त्या वेळी किल्ली दाबावी लागण्याचा वैताग करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

खुंटीमुळेच किल्ली अडकण्याचं दुसरं कारण तयार होतं. गाडी लावताना पुढची चाकं पूर्ण वळलेली राहिली किंवा टायर फुटपाथच्या कडेला टेकला, की स्टेअरिंगच्या दांड्यावर पीळ राहतो. हा पीळ खुंटीवर आडवा दाबतो आणि खुंटी जागची हलत नाही. खुंटी बॅरलशी जोडलेली, त्यामुळे बॅरलही अडतं. बहुतेक वेळा हा त्रास गाडी सुरू करताना होतो, किल्ली फिरतच नाही. पण बंद करतानाही बॅरल शेवटच्या थोडक्या अंतरावर अडू शकतं. उपाय एकच: डाव्या हाताने स्टेअरिंग हलकेच दोन्ही बाजूंना हलवत राहायचं आणि त्याच वेळी उजव्या हाताने किल्ली फिरवायची. एका बाजूला स्टेअरिंग घट्ट असतं, दुसऱ्या बाजूला जरा सैल. सैल बाजूकडे नेलं की पीळ सुटतो. किल्लीवर जोर द्यायचा नाही, जोर द्यायचा तो स्टेअरिंगवर.

स्वीडनच्या साब कंपनीने हा सगळा प्रश्न निराळ्याच पद्धतीने सोडवला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साब ९९ मध्ये इग्निशन दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ होतं. किल्ली स्टेअरिंगऐवजी गिअरला जखडायची, आणि मॅन्युअल गाडीत ती रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय निघायचीच नाही. अपघातात चालकाचा गुडघा स्टेअरिंगजवळच्या किल्लीवर आपटून फुटतो, तो वाचावा हा त्यातला एक हेतू. साबची गाडी पहिल्यांदा हाती आलेल्या माणसाला किल्ली ‘अडकली’ असंच वाटे. शिवाय सीटांच्या मधली ती फट म्हणजे बिस्किटांचा चुरा आणि सांडलेली कॉफी गोळा करणारी जागा. त्यामुळे कधीकधी किल्ली खरोखरही अडके. कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळं काढलं, तरी साबवाले लोक ती मधली किल्ली आजही कौतुकाने सांगतात.

ऑटोमॅटिक गाड्यांत किल्ली वाट पाहते ती ‘पी’ची. गिअरचा दांडा ‘पी’ म्हणजे पार्कमध्ये गेला नाही तोवर बॅरल ‘लॉक’पर्यंत परतत नाही. आपल्याकडे हा घोळ फार होतो, आणि त्याला जुनी सवय कारणीभूत आहे. मॅन्युअलवर शिकलेला माणूस गाडी थांबवली की न्यूट्रल करतो आणि हँडब्रेक ओढतो. ऑटोमॅटिकमध्येही त्याचा हात ‘एन’वर थांबतो. गाडी उभी आहे, हँडब्रेक लागला आहे, सगळं व्यवस्थित आहे, फक्त किल्ली निघत नाही. त्यातच २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि ती झपाट्याने सगळीकडे पसरली. एएमटी म्हणजे मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं. तिला ‘पी’ नसतोच. ती गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावायचा असतो. एएमटीवरून ‘पी’ असलेल्या सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीवर आलेल्या माणसाला ‘पी’ची आठवण कोण करून देणार? किल्लीच देते.

‘पी’ला किल्लीशी बांधण्याचा नियम कुण्या इंजिनिअरच्या हौसेपोटी आलेला नाही. किल्ली काढून आईबाप उतरले, गाडीत राहिलेल्या मुलाने गिअरचा दांडा ओढला आणि गाडी उतारावरून घरंगळली, असे अपघात अमेरिकेत होत होते. मानक क्रमांक ११४ दुरुस्त झालं आणि १ सप्टेंबर १९९२ पासून बनलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांत ‘पी’शिवाय किल्ली निघू नये आणि किल्ली काढल्यावर दांडा ‘पी’मधून हलू नये, असं ठरलं. दुसरा अर्धा भाग, म्हणजे ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा ‘पी’बाहेर न येणं, हा ऑडी ५००० च्या प्रकरणातून पुढे आला. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने ही गाडी आपोआप उसळी घेते असं दाखवलं. १९८९ च्या सरकारी अहवालाने मुख्य दोष चालकांच्या चुकलेल्या पेडलचा ठरवला, पण तोवर ऑडीने ब्रेकशी जोडलेला गिअर-लॉक आपल्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली होती. मुख्य दोष गाडीचा नसताना झालेल्या बदनामीतून इतर सगळ्यांच्या गाड्यांना एक चांगली सोय मिळाली. सर्व नव्या गाड्यांना ती अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून सक्तीची झाली.

दांडा ‘पी’वर आहे आणि तरी किल्ली सुटत नाही, असंही होतं. चढ-उतारावर गाडी लावली असेल तर गिअरबॉक्समधला पार्किंगचा दाता चाकाच्या भाराखाली चेपलेला असतो आणि दांडा शेवटच्या टोकाला पूर्ण बसत नाही. ब्रेक दाबून दांडा एकदा ‘डी’पर्यंत आणून परत ‘पी’त नेला की बहुधा काम होतं. पुढच्या वेळी आधी हँडब्रेक लावून, ब्रेकवरचा पाय जरा सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, मग ‘पी’. दांड्याच्या तळाशी एक छोटा स्विच असतो, तो ‘पी’ ओळखतो. सांडलेला चहा आणि वर्षानुवर्षांची धूळ तो चिकटवतात, मग दांडा ‘पी’त असूनही गाडीला ते कळत नाही. दांड्याचं बटण चार-पाच वेळा दाबून सोडलं तर कधीकधी तात्पुरती सुटका होते, पण तो स्विच बदलायला हवा.

आणखी एक गंमत बॅटरीची. कित्येक गाड्यांत किल्लीची ही अडवणूक विजेवर चालणारी एक कळ करते. बॅटरी पार उतरली की कळ हलत नाही आणि किल्ली आत बंदिस्त होते. लोक इकडे लॉकला दोष देत बसतात आणि खरा रोगी बॉनेटखाली असतो. दुसऱ्या गाडीवरून जम्प स्टार्ट दिला की किल्ली मुकाट निघते. तोही मार्ग नसेल तर गाडीचं मॅन्युअल उघडावं. पुष्कळ गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी प्लास्टिकच्या झाकणाखाली एक फट असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर दाबला की दांडा मोकळा होतो. काहींत किल्ली मोकळी करायची तशीच फट स्टेअरिंगच्या दांड्याखाली असते. ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल हे ग्लव्हबॉक्समध्ये सर्वांत खाली, विम्याच्या जुन्या कागदांच्याही खाली असतं.

इथवरची कारणं म्हणजे लॉकने केलेलं त्याचं काम. आता खराखुरा बिघाड.

किल्ली पितळेची किंवा तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची असते. पोलादाच्या मानाने मऊ. दहा वर्षांत तिच्या दात्यांच्या कडा गोल होतात. मग पाती बॅरलशी तंतोतंत सपाट होत नाहीत, केसभर वर राहतात आणि फिरताना कवचाच्या कडेला घासतात. बॅरल परतताना शेवटी जड लागतं. थोडी वर-खाली हलवली की येते, तशी हलवण्याची सवय होते आणि एके दिवशी येत नाही. त्यात आपण मूळ किल्ली जपून ठेवतो आणि रोज वापरतो ती रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडून कापून घेतलेली डुप्लिकेट. ती हरवली की डुप्लिकेटची डुप्लिकेट. झिजलेल्या किल्लीवरून कापलेल्या किल्लीत झीजही हुबेहूब उतरते आणि मशीनची स्वतःची चूक वर मिळते. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांना अनेकदा एक छोटी पट्टी बांधलेली येते, तिच्यावर एक नंबर असतो. तो किल्लीच्या दात्यांचा मूळ हिशोब आहे. त्यावरून कापलेली किल्ली झिजलेल्या किल्लीची नक्कल नसते, नवी किल्ली असते. ती पट्टी कचऱ्यात जाऊ देऊ नये, आणि किल्लीच्याच जुडग्यात अडकवून जगाला दाखवतही फिरू नये.

किल्ली अडकते म्हटल्यावर घरोघरी पहिला उपाय तेलाचा होतो. शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, आणि काही हाती नसेल तर खोबरेल. तेल पडल्यावर दोन दिवस लॉक लोण्यासारखं चालतं, म्हणून सगळे खूश. पण तेल धूळ धरतं. धूळ आणि पितळेचा चुरा मिळून बारीक स्प्रिंगांभोवती एक काळी लापशी तयार होते आणि पाती परत वर उठेनाशी होतात. खोबरेलाची तर आणखी एक खोड आहे. ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. मे महिन्यात घातलेलं तेल पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे मेण होऊन बसतं आणि दुपारी ऊन चढलं की लॉक आपोआप बरं होतं. हा चमत्कार नव्हे, खोबरेल आहे. डब्ल्यूडी-४० चंही असंच थोडं. १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवून गंज रोखण्यासाठी ते तयार केलं. नावातला चाळीसचा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. लॉकमधली घाण धुऊन काढायला ते बरं, पण कायमचं वंगण म्हणून नाही. लॉकला हवी कोरडी पूड: ग्रॅफाइट, किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. काहीच नसेल तर मुलाच्या कंपासमधली मऊ शिशाची पेन्सिल घ्या, किल्लीच्या दोन्ही बाजूंना आणि दात्यांच्या खोबणीत काळं होईपर्यंत घासा आणि किल्ली आत-बाहेर करा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच.

झिजलेल्या लॉकचं उलटं टोक जास्त भयंकर असतं. तिथे किल्ली अडकत नाही, नको तेव्हा सुटते. जनरल मोटर्सच्या सॅटर्न आयन (२००३) आणि शेव्हरोले कोबाल्ट (२००५) या गाड्यांची गोष्ट म्हणूनच इथे सांगायला हवी. बॅरलच्या मागे विजेचा इग्निशन स्विच असतो. ‘ऑन’ची जागा हाताला जाणवावी आणि तिथे किल्ली टिकावी म्हणून त्यात एक स्प्रिंग आणि छोटी दांडी असते. या गाड्यांत ती कमकुवत होती. जड जुडगं लोंबत असेल, रस्त्यात खड्डा आला किंवा गुडघा लागला, की किल्ली ‘ऑन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद, स्टेअरिंग आणि ब्रेकची मदत बंद, आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. आदळल्यावर त्या उघडतच नसत.

तपास करणाऱ्यांना हे लवकर का कळलं नाही, याचं कारण किल्लीपेक्षा कागदात होतं. २००६ मध्ये हा स्विच गुपचूप सुधारला गेला, पण भागाचा नंबर तोच ठेवला. जुना आणि नवा वेगळा ओळखण्याची खूणच उरली नाही. जॉर्जिया राज्यात ब्रूक मेल्टन ही तरुणी २०१० मध्ये आपल्या कोबाल्टमध्ये मरण पावली. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने मार्क हूड नावाच्या इंजिनिअरला कामाला लावलं. त्याने अपघातातल्या गाडीचा स्विच आणि बाजारातून आणलेला त्याच नंबरचा नवा स्विच, दोन्ही उघडून शेजारी ठेवले. आतली ती दांडी नव्यात जेमतेम दीड मिलिमीटर लांब होती. एवढ्या फरकावरून अख्खं प्रकरण उघडलं. २०१४ मध्ये कंपनीने या स्विचपायी जगभरातल्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, नव्या प्रमुख मेरी बारा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागितली, भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

याच गाड्यांबद्दलची एक गोष्ट मोठ्या बातमीत झाकली गेली. स्विच बदलण्यासाठी गाड्या परत येत असतानाच, एप्रिल २०१४ मध्ये, कंपनीने जाहीर केलं की यांतल्या सुमारे २२ लाख गाड्यांचं बॅरलही बदलावं लागेल. कारण इंजिन चालू असतानाही किल्ली हातात येऊ शकत होती. सुरुवातीला सांगितलेली भिंत आणि पाती आठवा. दोन्ही पुरेशी झिजली की ‘ऑन’मध्येही पात्यांना हलायला जागा मिळते, आणि किल्ली अडवण्याचं लॉकचं काम संपतं. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलेला उपाय अगदी साधा होता: जुडगं काढून टाका, इग्निशनमध्ये एकटी किल्ली ठेवा.

आपल्याकडे गाडीच्या किल्लीला घराची, कपाटाची, दुकानाच्या शटरची किल्ली, एक पितळी गणपती आणि बाटली उघडायचा ओपनर जोडलेला असतो. हे सगळं प्रत्येक खड्ड्यात बॅरलवर हिसके देतं. आपले खड्डे कोणत्या प्रतीचे आहेत, हे सांगायला नको.

किल्लीविना चालणाऱ्या गाड्या आल्यावर हा प्रश्न संपला असं वाटू शकतं. बटण दाबलं, उतरलो, निघालो. पण अडून बसणारी किल्ली गेली तशी तिची वाट पाहण्याची सवयही गेली. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतला अभिनेता अँटोन येल्चिन १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये घराच्या उतरत्या रस्त्यावर स्वतःच्याच घरंगळलेल्या जीप ग्रँड चेरोकी आणि विटांच्या खांबामध्ये चिरडून मेला. तिचा गिअरचा दांडा हलवला की परत मध्ये यायचा, त्यामुळे गाडी ‘पी’त आहे की नाही हे हाताला कळत नसे. याच कारणाने त्या एप्रिलमध्येच सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या होत्या. येल्चिनचं वय २७ होतं.

आता तुटलेल्या किल्लीबद्दल थोडं, कारण पक्कड हाती घेतलेली बहुतेक माणसं शेवटी इथेच पोचतात. किल्ली तुटते ती बहुधा सर्वांत खोल दात्यापाशी. तुकडा बाहेर डोकावत असेल तर बारीक चिमट्याने येतो, पण त्याआधी बॅरल ‘लॉक’वर असायला हवं, नाहीतर पाती त्याला सोडणार नाहीत. आत गेला असेल तर चावीवाल्याकडे करवतीच्या पात्यासारखी बारीक आकडी असते, ती दात्यात अडकवून तुकडा ओढतात. फेव्हिक्विकचा थेंब लावून उरलेली किल्ली चिकटवायची आणि ओढायची, ही युक्ती कुणीही सांगितली तरी करू नये. तो थेंब पात्यांवर पसरला की तुकडा आणि लॉक यांचं लग्न लागतं. तुकडे फेकू नयेत. नवी किल्ली त्यांवरून कापता येते, आणि किल्लीच्या डोक्यात बहुधा इमोबिलायझरची चिप असते. जर्मनीत १९९८ पासून सक्तीची झालेली ही चिप आता आपल्याकडेही सर्रास आहे. चिप नसलेली डुप्लिकेट बॅरल फिरवते, सेल्फही मारते, पण इंजिन चालू राहत नाही.

किल्ली ‘ऑन’ किंवा ‘अ‍ॅक्सेसरी’त अडकली आणि रात्र काढायची असेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवावं. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. पाना नसेल तर निदान पंखा, दिवे आणि म्युझिक सिस्टिम बंद आहेत हे पाहावं. मात्र स्टेअरिंगजवळ हातोडी चालवू नये, समोरच एअरबॅग आहे.

लॉकच बदलायची वेळ आली तर गॅरेजवाला आधी ‘पूर्ण लॉक सेट’ सुचवतो, म्हणजे इग्निशन, दारं, डिकी सगळं. तो फसवतो असं नाही. नुसतं इग्निशन बदललं तर खिशात दोन किल्ल्या येतात, एक दारांची आणि एक गाडी चालू करायची. स्टेअरिंगचं लॉक उतरवणंही सोपं काम नाही. चोराला ते सहज सोडवता येऊ नये म्हणून त्याचे बोल्ट असे असतात की कारखान्यात कसताना त्यांचं डोकं तुटून पडतं. पाना लावायला काही उरत नाही. ते छिन्नीने हळूहळू फिरवून किंवा ड्रिल करूनच निघतात, आणि मजुरी त्याचीच असते. पण बॅरल तेवढं निघत असेल आणि हाताशी जुन्या वळणाचा चावीवाला असेल, तर त्याला विचारून पाहावं. तो नव्या बॅरलमधली पाती काढून, तुमच्या मूळ किल्लीच्या उंचीप्रमाणे एकेक निवडून पुन्हा बसवतो, आणि नव्या लॉकला जुनी किल्ली चालते. कामाला तासभर लागतो, आणि त्या वेळात त्याच्याशी बोलू नये. एक स्प्रिंग उडाली की ती पुन्हा सापडत नाही.